न्यायाधीशांची नावं मतपत्रिकेवर येतात तरी कुठून?

प्रश्न विचारणाऱ्या ताईंची हकिगत थोडक्यात अशी. न्यू जर्सीतल्या एडिसनला बारा वर्षं काढून त्या न्यूयॉर्क शहरातल्या क्वीन्सला राहायला आल्या. नागरिकत्व मिळालं आणि गेल्या नोव्हेंबरात त्यांनी अमेरिकेतलं पहिलं मतदान केलं. मतपत्रिकेवर 'सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश' असा एक रकाना दिसला. जागा पाच, नावंही पाचच. डेमोक्रॅटिक पक्षाच्या ओळीत जी नावं, तीच रिपब्लिकन पक्षाच्या ओळीत. त्या विचारतात, "मी नेमकं निवडलं काय? ही नावं कुणी ठरवली? माझी भावजय वकील आहे. तिला उद्या उभं राहायचं झालं तर तिने कुणाकडे जायचं? आणि हे सगळं घटनेत बसतं का?"

मी गेली अठरा वर्षं न्यूयॉर्कमध्ये निवडणूक कायद्याची कामं करते. उमेदवारांच्या सह्यांचे कागद तपासायचे, त्यांवर हरकती आल्या की उत्तरं द्यायची, नाव मतपत्रिकेवरून उडालं की कोर्टात धाव घ्यायची, हे माझं दर वर्षीचं काम. म्हणून शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधीच देते: बसतं. २००८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊच्या नऊ न्यायमूर्तींनी तसा निकाल दिला आहे. पण एवढ्याने तुमचं समाधान होणार नाही, माझंही झालेलं नाही. तुमचा खरा प्रश्न मला असा दिसतो: मत द्यायला मिळालं, निवड करायला मिळाली नाही, तर त्याची दाद घटनेखाली मागता येते का? त्याचं उत्तर 'कधी येते, कधी येत नाही' असं आहे, आणि ही रेघ कुठे पडते तेच समजून घेण्यासारखं आहे.

आधी नावाचा घोळ मिटवू. न्यूयॉर्कचं 'सुप्रीम कोर्ट' हे राज्याचं सर्वोच्च न्यायालय नाही. मूळ खटले चालवणारं ते न्यायालय आहे, आपल्याकडच्या जिल्हा व सत्र न्यायालयासारखं. राज्याचं सर्वांत वरचं न्यायालय म्हणजे 'कोर्ट ऑफ अपील्स'. सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश मात्र लोकांनी निवडायचे, ते एका वेळी १४ वर्षांसाठी. उमेदवाराची वकिलीची सनद किमान १० वर्षांची हवी. ही निवडणुकीची पद्धत १८४६ च्या राज्यघटनेने आणली. त्याआधी नेमणुका व्हायच्या. न्यू जर्सीत आजही अशा न्यायालयांचे न्यायाधीश गव्हर्नरच नेमतात, त्यामुळे एडिसनच्या मतपत्रिकेवर असा रकाना नसतोच.

आता नावं ठरतात कशी ते पाहू. महाराष्ट्रातल्या निवडणुका ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना एबी फॉर्म माहीत असतो. पक्षाने ज्याच्या हाती तो फॉर्म दिला तो अधिकृत उमेदवार. बाकीचे कितीही वर्षं सतरंज्या उचलत असले तरी बंडखोर. तिथे मतदाराला पक्षाच्या आतल्या निवडीत काही स्थानच नाही, आणि तसा दावाही कुणी करत नाही. अमेरिकेत बहुतेक पदांसाठी ते स्थान दिलेलं आहे. पक्षाचे नोंदणीकृत मतदार प्रायमरीत मत देऊन आपला उमेदवार ठरवतात. न्यूयॉर्कच्या सुप्रीम कोर्टासाठी मात्र एक मधली पायरी घातली आहे. प्रायमरीत तुम्ही न्यायाधीशपदाचा उमेदवार निवडत नाही, तर 'प्रतिनिधी' निवडता. हे प्रतिनिधी पुढे पक्षाच्या अधिवेशनात जमतात आणि उमेदवार ठरवतात. तिथे ठरलेलं नाव आपोआप नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर येतं.

कागदावर यात वावगं काही नाही. राज्याच्या विधानसभेच्या एकेका मतदारसंघातून प्रतिनिधी निवडायचे. प्रतिनिधी व्हायचं तर त्या मतदारसंघातल्या, त्याच पक्षाच्या ५०० नोंदणीकृत मतदारांच्या सह्या आणायच्या, मुदत ३७ दिवस. पण न्यायाधीशाची जागा एका मतदारसंघाची नसते, अख्ख्या न्यायिक जिल्ह्याची असते. ज्या खटल्याचं पुढे सांगणार आहे तो चालला त्या वेळी न्यूयॉर्क शहराचे ब्रुकलिन आणि स्टेटन आयलंड हे भाग मिळून एक जिल्हा होता आणि त्यात असे २४ मतदारसंघ होते. म्हणजे पक्षाच्या पुढाऱ्यांचा आशीर्वाद नसलेल्या वकिलाला अधिवेशनात बहुमत हवं असेल, तर निम्म्याहून जास्त मतदारसंघांत आपल्या बाजूचे लोक शोधायचे, त्यांना उभं करायचं आणि प्रत्येकासाठी ५०० सह्या आणायच्या. चोवीसही ठिकाणी लढायचं तर आकडा १२,००० वर जातो. शिवाय मतपत्रिकेवर प्रतिनिधीचं नाव येतं, तो कोणत्या न्यायाधीशाच्या बाजूचा आहे ते छापत नाहीत. आणि जिथे प्रतिनिधीच्या जागेला दुसरा इच्छुकच नसतो, तिथे त्यांना निवडून आलेलं मानतात. ती नावं मतपत्रिकेवर येतही नाहीत. ताई, तुम्ही जूनच्या प्रायमरीत मत दिलं असतं तरी यातलं काही तुमच्या नजरेला पडलं असतंच असं नाही.

५०० सह्या म्हणजे काय, ते मी टेबलावर पाहिलेलं सांगते. काही वर्षांपूर्वी शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई प्रतिनिधीपदासाठी उभ्या राहिल्या होत्या. त्यांच्या ओळखीतली एक वकील न्यायाधीश व्हावी, एवढीच त्यांची इच्छा. दारोदार हिंडून त्यांनी आणि त्यांच्या मैत्रिणींनी नऊशेच्या आसपास सह्या आणल्या. अर्ज दाखल झाल्यावर तीन दिवसांत हरकत घेता येते आणि त्यापुढच्या सहा दिवसांत तिचा तपशील द्यावा लागतो. तो तपशील आला तेव्हा आम्ही रात्री त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर पानं पसरून बसलो आणि एकेक ओळ पडताळायला लागलो. ही सही करणारी व्यक्ती पक्षात नोंदलेली नाही. ही नोंदलेली आहे, पण रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला राहते आणि मतदारसंघ तिथे बदलतो. हिने चार दिवस आधी दुसऱ्या गटाच्या कागदावर सही केली होती, म्हणून ही सही बाद. एका पानावर साक्षीदाराने तळाशी लिहिलेली सह्यांची संख्या खोडून दुरुस्त केली होती, पण शेजारी आपली आद्याक्षरं घातली नव्हती. अख्खं पान गेलं. पहाटेपर्यंत आम्ही पाचशेच्या खाली आलो होतो. बाईंनी चहा केला, पानं नीट रचून फाइलला लावली, आणि मला विचारलं, "पुढच्या वेळी किती आणू?" मी म्हटलं, दीड हजार. यात कुणी फसवणूक केली नव्हती, हरकत घेणाऱ्यानेही नाही. सगळं कायद्याप्रमाणेच झालं होतं. आणि हा जिल्ह्यातल्या अनेकांपैकी एक मतदारसंघ.

त्याच उन्हाळ्यात मी एका अधिवेशनाला जाऊन बसले होते. हजेरी झाली, नावं मांडली गेली, अनुमोदन झालं, हात वर झाले. पाऊण तासाच्या आत लोक पार्किंगकडे चालायला लागले होते. दुसरं नाव कुणी मांडलंच नाही. आपल्याकडच्या सहकारी संस्थेच्या वार्षिक सभेत 'मंजूर, मंजूर' होतं, हुबेहूब तसं.

याच पद्धतीला आव्हान देणारा खटला मार्गारिटा लोपेझ टोरेस यांचा. १९९२ मध्ये त्या ब्रुकलिनमधून सिव्हिल कोर्टाच्या न्यायाधीश म्हणून निवडून आल्या. हे कोर्ट सुप्रीम कोर्टाच्या खालचं, आणि तिथली उमेदवारी थेट प्रायमरीत ठरते, हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल. त्यांचं म्हणणं असं की निवडून आल्याबरोबर पक्षाच्या पुढाऱ्यांनी सांगितलेली माणसं नोकरीला लावा असा तगादा सुरू झाला, आणि त्यांनी नकार दिला. त्यानंतर १९९७, २००२ आणि २००३ अशा तीन अधिवेशनांत सुप्रीम कोर्टाची उमेदवारी त्यांना मिळाली नाही. २००४ मध्ये इतर काही उमेदवार, मतदार आणि एका नागरी संघटनेबरोबर त्या फेडरल कोर्टात गेल्या. २००६ च्या जानेवारीत न्यायाधीश जॉन ग्लीसन यांनी त्यांच्या बाजूने आदेश दिला: विधिमंडळ नवा कायदा करेपर्यंत थेट प्रायमरी घ्या. अपील न्यायालयानेही तो उचलून धरला. मग प्रकरण वॉशिंग्टनला, देशाच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १६ जानेवारी २००८ रोजी सगळं उलटलं.

निकाल न्यायमूर्ती अँटोनिन स्कालिया यांनी लिहिला. त्यांचा युक्तिवाद माझ्या शब्दांत असा. पक्ष ही माणसांची संघटना आहे आणि आपला उमेदवार कसा ठरवायचा, हा त्या संघटनेचा अमेरिकन घटनेच्या पहिल्या दुरुस्तीने (भाषण आणि संघटनेचं स्वातंत्र्य देणाऱ्या) दिलेला हक्क आहे. राज्य त्यावर काही अटी घालू शकतं, पण उमेदवाराला पक्षाच्या आत जिंकण्याची पुरेशी संधी मिळालीच पाहिजे, असा हक्क घटनेत कुठेही नाही. ३७ दिवसांत ५०० सह्या ही अट अवाजवी नाही. लोपेझ टोरेस हरतात त्या कायद्यामुळे नाही, पुढाऱ्यांचं वजन जास्त आहे म्हणून. 'पुरेशी संधी' म्हणजे किती, हे मोजायला न्यायाधीशांकडे माप नाही. आणि ज्याला पक्षाचा रस्ता बंद वाटतो त्याला अपक्ष म्हणून नोव्हेंबरात उभं राहता येतं. त्याला लागणाऱ्या सह्या तेव्हा न्यूयॉर्क शहरात ४,०००, बाहेर ३,५००. एकाच पक्षाचं वर्चस्व आहे म्हणून अपक्ष हरतो, तर ती मतदारांची पसंती झाली, घटनेचा भंग नाही.

न्यायमूर्ती जॉन पॉल स्टीव्हन्स यांनी निकालाला संमती दिली, पण सोबत एक छोटं टिपण जोडलं. घटनेत बसणारी पद्धत शहाणपणाची असतेच असं नाही, हे त्यांना सांगायचं होतं. त्यात त्यांनी आपले जुने सहकारी थर्गुड मार्शल यांची आठवण काढली आहे: मूर्ख कायदे करायला घटना विधिमंडळांना मनाई करत नाही, असं मार्शल म्हणायचे. न्यायमूर्ती अँथनी केनेडी यांचं वेगळं मतही वाचण्यासारखं आहे. त्यांचा सगळा भर अपक्षाच्या वाटेवर होता. ती वाट उपलब्ध नसती तर प्रश्न फारच अवघड झाला असता, असा त्यांचा रोख.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: मतपत्रिकेपर्यंत पोचण्याची कुठली तरी वाट खुली हवी, एवढी हमी घटना देते. ती वाट पक्षाच्या दारातून गेली पाहिजे, अशी हमी देत नाही.

ही पहिली हमी पोकळ नाही, हेही सांगायला हवं. ओहायोने नव्या पक्षांसाठी सह्यांची अट मागच्या गव्हर्नर निवडणुकीतल्या मतांच्या १५ टक्के इतकी ठेवली होती. १९६८ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा टिकू दिला नाही. कॅलिफोर्नियात लॉस एंजेलिस काउंटीच्या एका पदासाठी अर्जाची फी ७०१ डॉलर ६० सेंट होती. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याला दुसरा मार्ग न देता ही फी मागता येणार नाही, असं १९७४ मध्ये ठरलं. १९८० साली जॉन अँडरसन एप्रिलमध्ये अपक्ष म्हणून राष्ट्राध्यक्षपदाच्या रिंगणात उतरले, पण ओहायोची मुदत मार्चमध्येच संपली होती. त्या खटल्यात न्यायालयाने आजचा तराजू दिला: मतदार आणि उमेदवारावर ओझं किती पडतं ते एका पारड्यात, राज्याची गरज किती खरी ते दुसऱ्या पारड्यात. माझा रोजचा व्यवहार याच तराजूवर चालतो.

तुमच्या प्रश्नाच्या सर्वांत जवळचा खटला मात्र न्यूयॉर्कचा नाहीच. तो इंडियानातला. इंडियानापोलिस ज्या मेरियन काउंटीत आहे तिथे न्यायाधीशांच्या निवडणुकीसाठी कायदाच असा होता की कोणत्याही पक्षाने एकूण जागांच्या निम्म्यांहून जास्त जागांवर उमेदवार द्यायचे नाहीत. म्हणजे दोन मोठे पक्ष प्रायमरीत आपापला निम्मा वाटा ठरवणार आणि नोव्हेंबरात जितक्या जागा तितकीच नावं. दोन्ही पक्षांचा समतोल राहतो, लोकांचा न्यायालयावर विश्वास बसतो, असं राज्याचं म्हणणं. २०१५ मध्ये सातव्या सर्किटच्या, म्हणजे त्या विभागाच्या, फेडरल अपील न्यायालयाने हा कायदा घटनाबाह्य ठरवला. प्रायमरी संपली की निकाल लागलेलाच असतो, मग नोव्हेंबरचं मत कशासाठी, असा प्रश्न होता, आणि समतोलाचं कारण त्या ओझ्याला पुरेसं नाही, असं उत्तर आलं. २०१७ मध्ये इंडियानाने तिथे निवड समितीची पद्धत आणली.

ताई, मेरियन काउंटीची मतपत्रिका आणि तुमची मतपत्रिका शेजारी ठेवली तर मतदाराला फरक दिसणार नाही. जितक्या जागा, तितकीच नावं. मग एक घटनेत बसते आणि दुसरी नाही, ती का? कारण तिथे लढत कायद्याने काढून घेतली होती आणि इथे ती पक्षांनी आपसात मिटवली आहे. न्यूयॉर्कमध्ये एकाच उमेदवाराला दोन-तीन पक्षांनी उमेदवारी द्यायला मुभा आहे आणि न्यायाधीशांच्या बाबतीत ही मुभा सढळ हाताने वापरली जाते. या वर्षी तुमचे तीन, आमचे दोन, असा समझोता झाला तर तो दोन संघटनांचा समझोता. उद्या न्यूयॉर्कच्या विधिमंडळाने 'जागा वाटून घ्या' असा कायदा केला तर मी आनंदाने त्याच्याविरुद्ध उभी राहीन, आणि मेरियनचा निकाल माझ्या हातात असेल. समझोत्याविरुद्ध मात्र दावा घेऊन कुणी आलं तर फी घेण्याआधी मी सांगते की तो टिकणार नाही.

आता माझं मत. 'ओझं कायद्याचं नाही, पुढाऱ्यांच्या वजनाचं आहे' हा २००८ च्या निकालातला भाग मला पटत नाही. प्रतिनिधीच्या नावापुढे तो कुणाच्या बाजूचा ते छापायचं नाही, हे पुढाऱ्यांनी ठरवलेलं नाही, ते कायद्याने ठरवलं आहे. बिनविरोध प्रतिनिधीचं नाव मतपत्रिकेवर नको, हेही कायद्यानेच. चोवीस ठिकाणी एकाच वेळी लढायला लावणं कायद्याचं. प्रतिनिधी निवडून आल्यावर एक-दोन आठवड्यांत अधिवेशन उरकायचं, त्या काळात उमेदवाराने शंभरावर लोकांना भेटून आपली बाजू सांगायची, हे वेळापत्रकही तेव्हा कायद्याचंच होतं. आणि सर्वांत मोठी गोष्ट: पक्षाला स्वतःहून थेट प्रायमरी घ्यावीशी वाटली तरी कायदा ती घेऊ देत नाही, अधिवेशनच सक्तीचं आहे. मग 'संघटनेचा आपला उमेदवार ठरवण्याचा हक्क' हे कारण इथे कितपत लागू पडतं? ५०० सह्या वेगळ्या काढून पाहिल्या तर हलक्या वाटतात. ओझं मोजायचं तर सगळी गाठोडी एकत्र उचलून बघायला हवीत, आणि ग्लीसन यांनी तसं करून पाहिलं होतं.

तरीही, न्यायालयाने पक्षांवर थेट प्रायमरी लादायला हवी होती का, असं विचारलं तर मी थांबते. कारण न्यूयॉर्कने ते करून पाहिलं आहे. १९११ मध्ये विधिमंडळाने न्यायाधीशांसाठी थेट प्रायमरी आणली आणि दहा वर्षांत, १९२१ मध्ये, अधिवेशनाची पद्धत परत आली. पैसेवाले आणि भाषणबाज लोकच पुढे येतात, अशी तेव्हाची तक्रार होती. ती खोटी म्हणता येत नाही. वेस्ट व्हर्जिनियात २००४ मध्ये एका कोळसा कंपनीच्या प्रमुखाने राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका उमेदवारासाठी ३० लाख डॉलर ओतले, आणि पुढे त्याच कंपनीचा खटला त्याच न्यायाधीशासमोर आला. त्यांनी बाजूला व्हायला हवं होतं, हे सांगायला २००९ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला यावं लागलं, तेही पाच विरुद्ध चार अशा मतांनी. ब्रुकलिनसारख्या पंचवीस लाखांहून जास्त वस्तीच्या भागात प्रायमरी लढायची तर पत्रकं, टपाल, माणसं, सगळ्याला पैसा लागतो. तो देणारे बहुतेक वकीलच असतात, आणि उद्या ते त्याच न्यायाधीशासमोर उभे राहतात. न्यूयॉर्कच्या तेव्हाच्या मुख्य न्यायाधीश ज्युडिथ के यांनी नेमलेल्या आयोगाने २००६ मध्ये मधला मार्ग सुचवला होता: अधिवेशन ठेवा, पण प्रतिनिधी होणं सोपं करा आणि उमेदवारांची छाननी स्वतंत्र समित्यांकडे द्या. माझा कल त्याच बाजूला आहे. सह्यांची संख्या कमी करा, प्रतिनिधीच्या नावाशेजारी त्याचा कल छापा, प्रायमरी आणि अधिवेशन यांत पुरेसा अवधी ठेवा. यातल्या एकाही गोष्टीला घटनेची आडकाठी नाही. विधिमंडळाने मनावर घ्यायला हवं, आणि तिथे बसलेले लोक त्याच पक्षसंघटनांतून आलेले असतात. २००८ नंतर अधिवेशनाची पद्धत कायम आहे. मोठा बदल झाला तो इतकाच की प्रायमरी सप्टेंबरातून जूनमध्ये आली आणि अधिवेशनं ऑगस्टमध्ये गेली. म्हणजे मधला अवधी वाढला. हेतू दुसरा होता, पण फायदा झाला, आणि उमेदवारांनी तो घ्यायला हवा.

आता तुमच्या भावजयीबद्दल. तिने काय करावं हे तीन गोष्टींवर अवलंबून आहे: ती राहते कुठे, कोणत्या पक्षात नोंदलेली आहे, आणि सनद किती वर्षांची आहे. पक्षनोंदणी नसेल किंवा बदलायची असेल तर १४ फेब्रुवारी ही तारीख भिंतीवर लिहून ठेवा. त्यानंतर केलेला बदल त्या वर्षीच्या जूनच्या प्रायमरीसाठी धरत नाहीत. न्यूयॉर्क शहरात राहत असेल तर मी तिला पहिल्यांदा सिव्हिल कोर्टाकडे बघायला सांगेन. मघाशी लक्षात ठेवायला सांगितलं ते यासाठी. तिथे थेट प्रायमरी आहे, मुदत १० वर्षांची आहे, आणि पुढाऱ्यांना नको असलेला माणूसही मतदारांच्या जोरावर निवडून येऊ शकतो. लोपेझ टोरेस यांनीही पुढे तेच केलं. सुप्रीम कोर्टाचा खटला चालू असतानाच, २००५ मध्ये, त्या ब्रुकलिनच्या सरोगेट न्यायाधीशपदाच्या प्रायमरीत उतरल्या आणि जिंकल्या. मृत्युपत्रं आणि वारसांची प्रकरणं बघणारं ते न्यायालय; तिथेही लोकांना थेट मत देता येतं. अधिवेशनाने तीनदा नाकारलेल्या बाईंना मतदारांनी निवडून दिलं, हा त्या सगळ्या प्रकरणातला मला सर्वांत बोलका पुरावा वाटतो.

अपक्ष म्हणून सुप्रीम कोर्टासाठी उभं राहण्याचा सल्ला मी सहसा देत नाही. सह्या आणता येतात, पण नोव्हेंबरात लोक पक्षाची ओळ बघून खुणा करत खाली जातात, आणि उमेदवाराचे वर्षभराचे कष्ट आणि पैसे त्यात जातात. निरोप पोचवायचा असेल आणि त्याची किंमत द्यायची तयारी असेल तर गोष्ट वेगळी.

आणि तुम्ही स्वतः? तुम्ही न्यायाधीश होऊ शकत नसाल, प्रतिनिधी होऊ शकता. त्याला सनद लागत नाही. तुमच्या विधानसभा मतदारसंघात गेल्या वेळी प्रतिनिधी कोण होते, ते निवडणूक मंडळाकडे दाखल झालेल्या अर्जांत बघायला मिळतं. नावं वाचा, त्यातलं कुणी ओळखीचं निघालं तर फोन करून विचारा की अधिवेशनात मत कुणाला आणि का दिलं. कोणी धड उत्तर देत नाही असं दिसलं तर पुढच्या फेब्रुवारीअखेर सह्या सुरू होतील तेव्हा तुम्हीच कागद घेऊन निघा. पक्षाच्या नोंदणीकृत मतदारांची यादी छापून सोबत ठेवा आणि फक्त त्याच घरांची बेल वाजवा. कोपऱ्यावर किंवा मंदिराबाहेर उभं राहून सह्या घेऊ नका. तिथे गर्दी मिळते, पण निम्मी गर्दी दुसऱ्या मतदारसंघातली निघते. सही करणाऱ्याला आधी विचारा की या वर्षी दुसऱ्या कुणाच्या प्रतिनिधींच्या कागदावर सही केली आहे का. खाडाखोड झाली तर शेजारी आद्याक्षरं घाला, नाहीतर सरळ नवं पान घ्या. ५०० ची अट असली तरी दीड हजार आणा. आणि मार्चच्या थंडीत बॉलपेनची शाई धरत नाही, म्हणून दोन पेनं कोटाच्या आतल्या खिशात ठेवा.